तीनशे अंशांची निळाई

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये लेथवर पोलादाचा जॉब चढला, की टूलखालून चिप निघते ती चकचकीत पांढरी, आणि हवेत वेटोळं घेता घेता ती निळी होते. नवशिक्या पोराला वाटतं, टूल जळालं. मुरलेला टर्नर तिकडे ढुंकूनही बघत नाही. कार्बाइडच्या टूलवर चिप निळी पडतेय, याचा अर्थ कापताना तयार झालेली उष्णता जॉबमध्ये न मुरता चिपबरोबर बाहेर चाललीय. स्पीड आणि फीड बरोबर बसलंय. त्याच शॉपमध्ये साध्या कार्बन स्टीलच्या ड्रिलचं टोक ग्राइंडरवर निळं पडलं, तर मात्र त्याच पोराला बोलणी बसतात. रंग एकच, तो येण्याचं कारणही एकच.

तिसरा एक प्रकार आहे, जिथे ही निळाई मुद्दाम, जपून आणि जीव मुठीत धरून आणली जाते. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे, खिशातल्या घड्याळातले मोहरीएवढे स्क्रू, मोजमापाच्या जुन्या यंत्रांचे बारीक भाग आणि बंदुकांचे स्क्रू, पिना, ट्रिगर. या सगळ्यांवरचा मोरपिशी निळा ना रंगाचा आहे, ना मुलाम्याचा. स्वच्छ पोलाद तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं आणि नेमक्या क्षणी थांबवलं, एवढंच त्यात असतं. अवघड आहे ते थांबवणं.

बंदुकीचं कोल्हापूरला वावडं नाही. मेजर मँट यांच्या आराखड्यावर उभ्या राहिलेल्या, १८८४ साली पूर्ण झालेल्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात तलवारी-भाल्यांबरोबर बंदुकाही मांडलेल्या आहेत. नेमबाजीत तर या जिल्ह्याचा हात धरणारे जिल्हे देशात थोडेच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. आजच्या स्पर्धेच्या रायफलींना ॲल्युमिनियमचे रंगीबेरंगी स्टॉक असतात. त्यांच्यावर ही निळाई शोधून फारसं हाती लागणार नाही. ती बघायची तर जुन्या बंदुकांच्या स्क्रूच्या माथ्यांवर. जर्मन ल्युगर पिस्तुलाचा ट्रिगर आणि काही छोटे भाग तर १९३० च्या दशकापर्यंत निळ्याच्याही आधीच्या टप्प्यावर, गवती पिवळ्या रंगावर थांबवलेले असत. बाकीचं पिस्तूल काळपट निळं आणि त्यात हे सोनेरी तुकडे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक किंवा तिचे भाग बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणंही गुन्हा आहे. तेव्हा वडिलोपार्जित परवान्याची बंदूक घरात असली, तरी तिचे भाग खोलून स्वयंपाकघरात तापवायला घेणं हा शहाणपणा नव्हे; ते परवानाधारक कारागिराचं काम. घड्याळाचा स्क्रू, स्वतः बनवलेला स्क्रू ड्रायव्हर, छोट्या यंत्राची पिन यांना असं कुठलंच बंधन नाही, आणि पोलादाला आपण कशाचा भाग आहोत हे ठाऊक नसतं. तीनशे अंशांवर ते सगळीकडे सारखंच वागतं.

स्वच्छ, पॉलिश केलेलं साधं कार्बन पोलाद हळूहळू तापवत नेलं, की रंगांची एक ठरलेली रांग त्याच्यावरून सरकते. २०० अंशांच्या पुढे अगदी फिकट गवती झाक येते. २४० च्या सुमारास ती गडद पिवळी होते, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळी. २९० ते ३०० अंशांवर येतो तो गडद निळा, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप. ३२० ला तो फिका पडून आकाशी होतो आणि आणखी थोडं वर गेलं, की सगळं राखाडी. जांभळ्या आणि आकाशी यांच्यामध्ये निळ्यासाठी जेमतेम वीस-पंचवीस अंशांची फट आहे. मोठ्या तुकड्याला ती ओलांडायला काही मिनिटं लागतात. मोहरीएवढा स्क्रू उघड्या ज्योतीवर धरला, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पलीकडे गेलेला असतो.

हा रंग येतो कुठून? पोलाद हवेत तापलं, की पृष्ठभागावरच्या लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइडचा पातळ थर चढतो. पातळ म्हणजे किती, तर पिवळ्या रंगाच्या वेळी ४०-५० नॅनोमीटर, निळ्याच्या वेळी ७० च्या आसपास. माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा. थरावर पडलेला प्रकाश काही वरूनच परततो, काही थरातून आत जाऊन खालच्या धातूवरून परततो. हे दोन परतलेले प्रकाश एकमेकांना भेटतात तेव्हा थराच्या जाडीप्रमाणे एखादा रंग खोडला जातो. थर सगळ्यात पातळ असताना जांभळा-निळा खोडला जातो, म्हणून उरलेलं पिवळं दिसतं. थर वाढला की हिरवा जातो आणि जांभळट दिसतं. आणखी वाढला, की पिवळा-तांबडा जातो आणि मागे निळा उरतो. रॉबर्ट हूकने १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’त अभ्रकाच्या पापुद्र्यांवरच्या रंगांबरोबर तापवलेल्या पोलादावरच्या रंगांचाही विचार केला होता. प्रकाशलहरी एकमेकींना खोडतात हे टॉमस यंगने मांडलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. लोहार मात्र या दोघांच्याही कितीतरी आधीपासून हे रंग ओळखून हत्यारं घडवत आले होते.

इथेच एक गैरसमज बहुतेकांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. रंगावरून तापमान कळतं, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. रंगावरून कळते ती थराची जाडी, आणि जाडी तापमानाबरोबरच वेळेवरही ठरते. वर दिलेले आकडे काही मिनिटांत तापवलेल्या पोलादाचे आहेत. तोच तुकडा २३० अंशांवर तासन्‌तास ठेवला, तर तो पिवळ्यावर थांबून राहत नाही. तपकिरी, जांभळा असा पुढे पुढे सरकत जातो. थर जसा जाड होतो तसं ऑक्सिजन आणि लोखंड यांना त्यातून एकमेकांपर्यंत पोहोचणं अवघड होतं, म्हणून वाढीचा वेग मंदावतो, पण वाढ थांबत नाही. घरच्या ओव्हनची तबकडी सहसा २५० अंशांपर्यंतच जाते, तरी त्यात बराच वेळ ठेवलेल्या तुकड्यावर जांभळट छटा दिसते, त्याचं उत्तर हेच.

म्हणजे कारागिराच्या हातात दोन किल्ल्या आहेत, तापमान आणि वेळ. आणि छोट्या तुकड्याच्या बाबतीत खरी मेहनत असते ती वेळ वाढवून घेण्याची. जे सेकंदात घडतं ते मिनिटांवर आणायचं, म्हणजे डोळा आणि हात यांना सवड मिळते.

घड्याळजींची पद्धत यासाठीच जन्मली. पितळेची छोटी पसरट तबकडी किंवा डबी घ्यायची, तिच्यात पितळेचा कीस भरायचा, खाली स्पिरिटचा दिवा. स्क्रूचा आटा किसात रुतवायचा आणि माथा वर उघडा ठेवायचा. काहीजण कीस न घेता पितळेच्या जाड पट्टीला भोकं पाडून त्यात स्क्रू उभे करतात. दोन्हीत तत्त्व एकच: ज्योतीचा चटका थेट स्क्रूला लागू द्यायचा नाही. भडभुंजा फुटाणे कढईच्या पत्र्यावर न भाजता गरम वाळूत भाजतो, म्हणून प्रत्येक दाणा सगळीकडून सारखा फुलतो. स्क्रूलाही तसंच वागवायचं. पितळ उष्णता झपाट्याने पसरवतं, किसाचा ढीग हळू तापतो आणि हळूच निवतो, त्यामुळे आत बसलेल्या चिमुकल्या तुकड्याचं तापमान एकदम उसळी घेत नाही.

दिवा पेटल्यावर बराच वेळ काहीच होत नाही. याच वेळी नवखा माणूस कंटाळून वात मोठी करतो आणि काम बिघडवतो. मग माथ्याच्या चकाकीत किंचित मळकटपणा येतो, तो पिवळा होतो, कडेकडून तपकिरी सरकत येतो. जांभळा दिसला, की दिवा बाजूला सारायचा. किसात साठलेली धग पुढचं काम स्वतःच करते. जांभळा निळ्यात उतरताना चिमट्याने स्क्रू उचलायचा आणि गार पोलादी ठोकळ्यावर किंवा तेलात टाकायचा. निळा पूर्ण दिसल्यावर उचलायला गेलं तर उशीर झालेला असतो. दुधाच्या भांड्याखालचा गॅस बंद करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

काट्याची गोष्ट आणखी नाजूक. घड्याळाच्या काट्याचं टोक सुईसारखं बारीक आणि बुंधा रुंद. उघड्या ज्योतीवर टोक राखाडी होतं तेव्हा बुंधा अजून पिवळाच असतो. म्हणून पातळ भाग किसापासून जरा वर आणि जाड भाग किसाला टेकलेला, अशी मांडणी करावी लागते. ट्रिगरसारख्या आकड्याच्या आकाराच्या भागालाही हाच नियम लागू: जिथे धातू कमी, तिथे उष्णता उशिरा पोहोचली पाहिजे.

तापवण्याआधीची तयारी कंटाळवाणी असते आणि निम्मं यश तिच्यातच असतं. पॉलिश पेपर खरखरीतपासून बारीकपर्यंत क्रमाने फिरवायचा, शेवटी आरशासारखी चकाकी आणायची. पृष्ठभाग मळकट असेल तर निळाही मळकटच येतो. मग ॲसिटोनने तेल काढायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचा एक ठसा राहिला, तर तापवल्यावर तो ठसाच रेघांसकट निळ्यात उमटतो. रंग बघायचा तो खिडकीच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी. पिवळ्या बल्बखाली गवती आणि तपकिरी यांतला फरक डोळ्याला कळत नाही आणि निळाही काळसर भासतो. काम बिघडलंच तर घाबरायचं कारण नाही: पेपर मारून थर काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता तापमान मोजायचं कसं? हल्ली बाजारात बंदुकीच्या आकाराचे इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतात आणि हौशी माणूस पहिला तोच उचलतो. या कामासाठी तो जवळजवळ कुचकामी आहे. हा थर्मामीटर वस्तूतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांवरून अंदाज बांधतो आणि समोरची वस्तू अशी किरणं भरपूर सोडते असं गृहीत धरतो. पॉलिश केलेलं पोलाद त्यातला अगदी थोडा वाटा सोडतं आणि वर आजूबाजूच्या थंड भिंतींचंच प्रतिबिंब दाखवतं. त्यामुळे स्क्रू तीनशेला पोहोचलेला असताना यंत्रावरचा आकडा भलताच खाली दिसतो. शिवाय ऑक्साइडचा थर चढेल तसं किरण सोडण्याचं प्रमाणही बदलत जातं, म्हणजे चूक तरी एकसारखी असावी, तेही नाही.

उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर जे चालतं तेच इथेही भरवशाचं: के प्रकारचं थर्मोकपल. क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापलं की दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्टचा दाब तयार होतो, म्हणजे तीनशे अंशांवर १२ मिलिव्होल्टच्या जवळपास. मीटर तो वाचून अंश दाखवतो. पण टोक कुठे ठेवलंय, यावर सगळं अवलंबून आहे. डबीच्या तळाशी खुपसलं तर ते तळाचं तापमान सांगेल, आणि तळ व किसाचा वरचा थर यांत सहज तीस-चाळीस अंशांचं अंतर असू शकतं. टोक स्क्रूच्या शेजारी, तेवढ्याच खोलीवर हवं.

मीटर नसेल तर धातूच मोजपट्टी होतात. शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळतं आणि शिसं ३२७ वर. कथलाचा कण किसावर ठेवला आणि तो वितळून मणी झाला, की स्क्रू पिवळ्या टप्प्याच्या आसपास आहे असं समजायचं. शिशाचा कण वितळेपर्यंत थांबलं, तर निळा हातचा गेलेला असतो. दोघांच्या मध्ये जी जागा आहे तिथे मात्र डोळ्यालाच काम करावं लागतं. शिशाच्या वाफा आणि भुकटी विषारी असल्याने घरात त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

रंग साधला, म्हणजे काम झालं असं समजणाऱ्याने पाथरवटाची टाकी बघावी. दगड फोडायची टाकी लोहार लालबुंद तापवतो आणि तिचं टोकच पाण्यात बुडवतो. टोक काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळ. मग तो टोक दगडावर घासून चमकवतो आणि वाट बघतो. मागच्या दांड्यात उरलेली धग टोकाकडे धावते आणि तिच्याबरोबर पिवळा, तपकिरी, जांभळा असे पट्टे पुढे सरकत येतात. हवा तो रंग धारेवर आला, की सगळी टाकी पाण्यात. वस्तरा किंवा खरवडायच्या हत्याराला पिवळ्यावर थांबवतात, घाव सोसणाऱ्या छिन्नीला जांभळ्या-निळ्यापर्यंत नेतात, कारण रंग पुढे सरकतो तसा कडकपणा उतरतो आणि लवचीकपणा वाढतो.

म्हणजे शोभेसाठी केलेली निळाई हीसुद्धा पोलादाच्या पोटात शिरणारी प्रक्रिया आहे. एक टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद पाणी दिल्यावर कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर साठीच्या बरंच पुढे असतं. तीनशे अंशांवर नेलं, की पंचावन्नच्या आसपास येतं. घड्याळाच्या स्क्रूला हे हवंच असतं, नाहीतर पेचकस फिरवताना माथा तुटेल. स्प्रिंगच्या पट्ट्या तर निळ्यावरच टेंपर केलेल्या, म्हणजे असा कडकपणा उतरवलेल्या, मिळतात. पण बंदुकीत ट्रिगरच्या आत ज्या दोन कडा एकमेकींत अडकून घोडा रोखून धरतात, त्या मुद्दाम कडक ठेवलेल्या असतात, आणि कित्येकदा नुसती वरची कातडीच कडक केलेली असते. असा भाग रंगासाठी तीनशेवर नेला, तर कड मऊ पडते, झिजते, आणि बंदूक नको तेव्हा सुटण्याचा धोका तयार होतो. भर म्हणजे साधारण २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात टेंपर केलेली अनेक पोलादं धक्क्याला उलट अधिक ठिसूळ होतात. परवानाधारक कारागीर जुन्या बंदुकीचा एखादा भाग निळा करायला नकार देतो तेव्हा तो आळस करत नसतो.

कार्बन स्टीलच्या ड्रिलबद्दल पोराला बोलणी का बसली, हेही यातूनच उलगडतं. हायस्पीड स्टीलचं ड्रिल असतं, तर एवढं बिघडलं नसतं. टेलर आणि व्हाइट या अमेरिकन जोडीने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या जातीचं टूल लाल होईपर्यंत तापलेलं असतानाही कापताना दाखवलं होतं. त्याचा निळेपणा नुसता वरवर असतो. सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत त्याचा कडकपणा टिकतो.

मोठ्या संख्येने भाग निळे करायचे, तर कीस पुरत नाही. तिथे वितळलेल्या क्षारांचं कुंड वापरतात. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, एकटा ३३४ अंशांवर वितळतो, पण त्यात सोडियम नायट्रेट मिसळलं की मिश्रण सुमारे २२० अंशांवरच पातळ होतं, आणि मग तीनशेवर स्थिर धरता येतं. भाग चहूबाजूंनी एकाच तापमानात बुडालेला असल्याने रंग डागाशिवाय, एकसारखा येतो. दिसायला सोपं आणि घरात करायला भयंकर. ओल्या तुकड्यावरचा पाण्याचा एक थेंब आत गेला, तरी त्याची क्षणात वाफ होऊन तीनशे अंशांचा रस तोंडावर उडतो. तेल, लाकूड, कोळसा असलं काही पडलं तर नायट्रेट त्याला पेटायला ऑक्सिजन पुरवतं. हे काम हातमोजे, तोंडावर ढाल आणि राबता नसलेली मोकळी जागा असलेल्या कारखान्याचंच.

कडकपणा उतरू द्यायचा नसेल, तर उद्योगनगरीत दुसरा मार्ग रोजच्या वापरात आहे: ब्लॅकोडायझिंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचं दाट द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळत ठेवतात आणि भाग त्यात बुडवतात. १४० अंशांना पाणी दिलेल्या पोलादाचं फारसं काही बिघडत नाही. वर काळा ऑक्साइड चढतो. काळे ॲलन बोल्ट दिसतात ते या जातीचे. आधुनिक बंदुकांची काळपट निळाई बहुतेक अशाच कुंडातून आलेली असते. मोरपिशी झळाळी तिला नाही.

दोन्ही थरांची एक मर्यादा सारखीच आहे: गंजापासून ते फार थोडं वाचवतात. सत्तर नॅनोमीटरच्या कवचाने कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर काढणं शक्य नाही. तेलाचा किंवा मेणाचा हलका हात फिरवलाच पाहिजे आणि ओल्या बोटांनी हाताळलेला भाग त्याच दिवशी पुसलाच पाहिजे. नुसता घासला तरी हा रंग निघतो, म्हणून जिथे दोन भाग एकमेकांवर सरकतात तिथे तो टिकत नाही.

सगळं नीट करूनही स्क्रू तीनशेवर पांढराच राहिला, तर बहुधा तो स्टेनलेस असतो. त्यातलं क्रोमियम थर वाढू देत नाही. भांड्यांच्या ३०४ जातीच्या स्टेनलेसवर गवती पिवळा यायलाच ३४० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि निळा दिसतो तो ५४० च्या पुढे. स्पिरिटच्या दिव्यावर ठेवलेला पितळेचा कीस तिथवर सहसा पोहोचत नाही. चुंबक लावून बघायचं. ३०४ ला तो जवळपास चिकटतच नाही. मात्र स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतो, म्हणून चिकटला तरी आधी एखादा भंगारातला तसाच स्क्रू किसात रोवून बघावा.